दख्खनच्या राजेशाही गाड्यांनी बेळगावला एक दिवस द्यावा

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ,
मा. व्यवस्थापकीय संचालक, कर्नाटक राज्य पर्यटन विकास महामंडळ,
आणि आयआरसीटीसीच्या पर्यटन विभागाचे मा. अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर पाहून गोव्याकडे निघालेली ‘डेक्कन ओडिसी’ मिरज सोडल्यावर कुडची, रायबाग, घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा अशी आमच्या जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते आणि तिच्यातला एकही प्रवासी येथे उतरत नाही, कारण हा सारा टप्पा रात्रीचा असतो. हंपीसारखी कर्नाटकातली स्थळे पाहून गोव्याकडे निघालेली ‘गोल्डन चॅरियट’ हुबळी, धारवाड, अळणावर करीत लोंढ्याला येते आणि तीही तशीच घाट उतरून जाते. महाराष्ट्राची गाडी आणि कर्नाटकाची गाडी अशा दोन्ही राजेशाही गाड्यांचे मार्ग ज्या एका जंक्शनात एकत्र येतात, ते लोंढा खानापूर तालुक्यात, म्हणजे बेळगाव जिल्ह्यात आहे. दख्खनचा इतिहास दाखवण्यासाठी निघालेल्या या गाड्यांनी आपल्या कार्यक्रमातला एक दिवस या जिल्ह्याला द्यावा, एवढीच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी खानापूर तालुक्यातला रहिवासी असून नोकरीची सगळी वर्षे मराठी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. बेळगाव म्हटले की दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांत लगेच सीमाप्रश्न डोळ्यांपुढे येतो, हे मला ठाऊक आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा तेथे आहे आणि त्यावर बोलण्याची जागा न्यायालय आहे. त्या प्रश्नावर माझे मत काय आहे, हे सीमाभागातल्या कोणत्याही मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु निकाल लागेपर्यंत येथली देवळे, किल्ले आणि समाध्या कोणीच कोणाला दाखवू नयेत, असे त्या दाव्यात कोठेही म्हटलेले नाही. प्रत्यक्षात मात्र तसेच घडत आले आहे. महाराष्ट्राच्या पर्यटन नकाशाची रेघ पन्हाळा आणि कोल्हापूरपाशी संपते, कर्नाटकाची बदामी आणि हुबळीपाशी थबकते, आणि मधला मुलूख दोघांच्याही माहितीपत्रकांत कोरा राहतो.

या गाड्या का सुरू झाल्या, हे आपणास मी सांगण्याची गरज नाही. राजस्थानने १९८२ साली ‘पॅलेस ऑन व्हील्स’ रुळांवर आणली, तेव्हा परदेशी पाहुण्याला हिंदुस्थान म्हणजे वाळवंट, राजवाडे आणि आग्रा असेच चित्र दिसत होते. दख्खनलाही दाखवण्यासारखे काही आहे, हे ठासून सांगण्याचे काम २००४ मध्ये ‘डेक्कन ओडिसी’ने आणि २००८ मध्ये ‘गोल्डन चॅरियट’ने केले. वेरूळ, अजिंठा, हंपी, पट्टदकल ही जागतिक वारसास्थळे या गाड्यांनी एका माळेत ओवली, याबद्दल इतिहासाचा शिक्षक म्हणून मला मनापासून कृतज्ञता वाटते. कोरोनाच्या काळात बंद पडलेली ‘डेक्कन ओडिसी’ २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा आम्हा सीमाभागातल्या लोकांनाही आनंद झाला. नव्या सुरुवातीच्या वेळी मार्गाचा थोडा नव्याने विचार होईल अशी आशा होती. ती अजून सोडलेली नाही.

‘गोल्डन चॅरियट’च्या डब्यांना कर्नाटकावर राज्य केलेल्या राजघराण्यांची नावे दिली आहेत आणि त्यांतल्या एका डब्याचे नाव कदंब आहे. हा कदंब डबा अळणावरहून लोंढ्याकडे येतो, तेव्हा ज्या हलशीच्या आसपासच्या रानातून तो जातो, ती हलशी कदंबांची राजधानी होती. ताम्रपटांत तिचा उल्लेख पलाशिका असा येतो. बनवासीच्या कदंबांनी पाचव्या शतकात तिला आपल्या राज्यातले दुसरे मोठे ठाणे केले. त्यांच्यातल्या मृगेशवर्मा राजाने येथे बसदी, म्हणजे जैन मंदिर, बांधवले. पुढे सहाशे-सातशे वर्षांनी गोव्याच्या कदंबांनीही हे गाव आपले मानले आणि बाराव्या शतकात शिवचित्त पेर्माडी या राजाच्या काळात भूवराह नरसिंहाचे आजचे देऊळ उभे राहिले. या देवळात समोरासमोर दोन गाभारे आहेत, एका बाजूला वराह आणि दुसऱ्या बाजूला नरसिंह, आणि मधल्या मंडपात उभे राहिले की दोन्हीकडच्या मूर्ती दिसतात. सभोवार आणखी लहानमोठी देवळे, शिलालेख, तळी आणि त्यांना लागून गावाची घरे आहेत. आवारात मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात. कर्नाटक पाहायला आलेल्या प्रवाशाला, बदामीच्या चालुक्यांच्या आधी या मुलुखावर कोणाचे राज्य होते, हे येथे उभे करून सांगता येते. आज तो त्या राजघराण्याच्या नावाच्या डब्यात झोपून त्या राजधानीच्या जवळून जातो. गोव्यात उतरल्यावर त्याला पोर्तुगीजांची चर्चे दाखवली जातात, परंतु पोर्तुगीजांच्या आधी गोव्यावर राज्य करणारे कदंब घाटावरच्या या गावाशीही बांधलेले होते, हे त्याला कळत नाही. दख्खन आणि कोकण यांचा सांधा नेमका कोठे आहे, हे दाखवणारे हलशीइतके चांगले ठिकाण मला दुसरे माहीत नाही.

त्याच शिवचित्त राजाची राणी कमलादेवी हिने कित्तूरजवळच्या देगाव येथे कमलनारायणाचे देऊळ बांधवले. देगाव पाहणारा माणूस कित्तूर टाळू शकत नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि राणी चन्नम्माच्या संस्थानाने कंपनी सरकारची पहिली चढाई परतवली. डिसेंबरातल्या दुसऱ्या चढाईत किल्ला पडला, राणीला बैलहोंगलला कैदेत ठेवले गेले आणि १८२९ मध्ये तेथेच तिचा अंत झाला. तिच्यासाठी पुढे लढत राहिलेल्या संगोळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगडला फाशी दिली. नंदगड आमच्या तालुक्यातले गाव आहे. दत्तकाचा वारस नाकारून संस्थान गिळण्याचा जो प्रकार पुढे सातारा, नागपूर आणि झाशीच्या वाट्याला आला, त्याची चाहूल कित्तूरला काही दशके आधी लागली होती. झाशीची हकीकत जगभरच्या पर्यटकाला सांगितली जाते. कित्तूरच्या वाड्याच्या पडक्या भिंती, तेथली दगडी न्हाणी आणि शेजारचे संग्रहालय यांना मात्र तो कधीच भेटत नाही.

बेळगाव शहराचे सांगायचे तर किल्ल्यापासून सुरुवात करावी लागते. रट्ट राजांनी आपली राजधानी सौंदत्तीहून वेणुग्रामाला, म्हणजे बेळगावला आणली. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली येथे जी बसदी बांधली, तीच आजची कमल बस्ती. गाभाऱ्यात नेमिनाथ आहेत आणि मंडपाच्या छतातून खाली उमललेले दगडी कमळ पाहताना मान आपोआप वर जाते. त्याच किल्ल्यात आदिलशाहीच्या काळातली सफा मशीद आहे, दरवाजाशी देवीचे ठाणे आहे, आणि थोडे आत गेले की रामकृष्ण मिशनचा आश्रम लागतो. रट्ट, देवगिरीचे यादव, विजयनगर, बहमनी, आदिलशाही, मराठे आणि इंग्रज या सगळ्यांच्या सत्ता या एका तटबंदीने पाहिल्या. आपल्या दोन्ही गाड्या प्रवाशांना जो दख्खनचा इतिहास कित्येक दिवसांत तुकड्यातुकड्यांनी दाखवतात, तो येथे तासाभराच्या फेरफटक्यात एकाच खंदकाच्या आत पाहायला मिळतो.

विवेकानंदांचा प्रवास मला येथे मुद्दाम आठवून द्यावासा वाटतो. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये स्वामीजी कोल्हापूरहून बेळगावला आले, रिसालदार गल्लीतल्या भाटे वकिलांच्या घरी आणि मग हरिपद मित्र या वनाधिकाऱ्यांकडे राहिले आणि येथून पुढे गोव्यात मडगावला गेले. कोल्हापूर, बेळगाव, गोवा: आपली गाडी जाते तोच क्रम. रिसालदार गल्लीतले ते घर आज स्मारक म्हणून जपले आहे आणि स्थानकापासून ते फार दूर नाही. शिकागोला जाण्याच्या आदल्या वर्षी एक अनोळखी संन्यासी या गल्लीत राहून गेला, एवढे सांगितले तरी जगातल्या कोणत्याही देशाचा पर्यटक तेथे थांबेल.

पुढच्या पिढीत १९१६ च्या एप्रिलमध्ये लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना बेळगावलाच केली. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन टिळकवाडीच्या माळावर भरले. गांधीजींनी काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद आयुष्यात एकदाच स्वीकारले आणि ते येथे. अधिवेशनासाठी खोदलेली विहीर अजून आहे आणि तिच्याशेजारी अधिवेशनाचे स्मारक असलेला वीरसौध उभा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान काढले तेही याच गावात. त्यांचा लोखंडी नांगर येथे घडला आणि १९१० मध्ये त्यांनी ज्या माळावर आपले बिऱ्हाड हलवले, त्या किर्लोस्करवाडीवरूनही पुण्याहून मिरजेकडे येणारी गाडी जाते.

संगीताचा विषय निघाला की आम्हाला अधिक बोलावेसे वाटते. बेळगावच्या अलीकडे, मिरजेच्या बाजूला सुळेभावी नावाचे छोटे स्थानक आहे. ८ एप्रिल १९२४ रोजी या सुळेभावीत कन्नड बोलणाऱ्या घरात शिवपुत्र कोमकळी जन्मला आणि कुमार गंधर्व या नावाने मराठी श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतले. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. हद्दीच्या दोन्ही बाजूंनी भाषेवरून कितीही वाद झाले, तरी गाण्याच्या मैफलीला आमच्याकडे दोन्ही भाषांची माणसे एकाच सतरंजीवर बसत आली आहेत. आपल्या गाड्यांत प्रवाशांच्या मनोरंजनाची सोय असतेच. त्या कार्यक्रमात एका संध्याकाळी बेळगाव किंवा धारवाडच्या गायकाचे तासभर ख्यालगायन ठेवले, तर दख्खनचा हा ठेवा पाहुण्याला प्रत्यक्ष ऐकता येईल.

शिवकालाविषयी स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी स्थळे’ या नावाने १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा जिंजी तमिळनाडूत. त्या यादीकडे पाहणाऱ्या परक्या माणसाला साहजिकच प्रश्न पडेल की पन्हाळ्याहून मराठी राज्य एवढ्या लांब जिंजीला कसे पोचले. उत्तर कर्नाटकाच्या भूमीतून जाते. शहाजीराजांची जहागीर बंगळूरला होती, त्यांची समाधी दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरे येथे आहे, आणि दक्षिण दिग्विजयावरून परतताना शिवाजी महाराजांच्या सैन्याची गाठ बेलवडीच्या राणी मल्लम्माशी पडली, ती बेलवडी बैलहोंगल तालुक्यात आहे. बेळगावच्या वेशीवर येळ्ळूरचा राजहंसगड आहे, खानापूरच्या रानात भीमगड आहे, हुक्केरी तालुक्यात वल्लभगड आहे आणि पलीकडे चंदगड तालुक्यात पारगड, महिपालगड, कलानिधीगड आहेत, ज्यांचा बाजार आजही बेळगावलाच भरतो. जून २०२५ मध्ये मुंबईहून शिवरायांच्या स्थळांची जी ‘भारत गौरव’ यात्रा गाडी निघाली, ती रायगड, शिवनेरी, प्रतापगड दाखवीत कोल्हापूर-पन्हाळ्यापर्यंत आली आणि तेथून परत फिरली. तेथून बेळगाव सुमारे १०० किलोमीटर. ज्या शहरात वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते, जेथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि जेथे रोज जवानांच्या तोंडी छत्रपतींचा जयजयकार असतो, त्या शहराच्या अलीकडून शिवरायांच्या नावाची गाडी माघारी जावी, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटले.

एवढे सगळे एका दिवसात दाखवता येणार नाही हे उघड आहे, आणि तशी अपेक्षाही नाही. अंमलात आणता येईल असा क्रम मी सुचवतो.

‘डेक्कन ओडिसी’ने कोल्हापूर रात्री सोडावे. मिरजमार्गे बेळगाव दोनशे किलोमीटरहूनही कमी आहे, त्यामुळे पहाटे ती आरामात पोचते. प्रवाशांनी सकाळी बेळगावला उतरावे, किल्ला, कमल बस्ती आणि रिसालदार गल्ली पाहावी, आणि मग बसने खानापूरमार्गे हलशीला यावे. तोवर गाडी मोकळीच लोंढ्याला नेऊन उभी करावी, म्हणजे बेळगावचा फलाट दिवसभर अडकून पडणार नाही. दुपारी हलशीहून प्रवासी लोंढ्याला येऊन गाडीत बसतील. ‘गोल्डन चॅरियट’चे प्रवासी याच पद्धतीने धारवाडला उतरू शकतात. तेथून कित्तूर सुमारे ३० किलोमीटर आहे, मग देगाव, नंदगड, हलशी आणि शेवटी लोंढा. दोन्ही वाटा हलशीला मिळतात, त्यामुळे स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वाहनतळ आणि मार्गदर्शक यांची सोय एकदाच उभी करून दोन्ही महामंडळांना वापरता येईल.

या क्रमाचा आणखी एक फायदा आहे आणि माझ्या मते तो एकटाच हा बदल करायला पुरेसा आहे. दुपारी लोंढ्याहून निघालेली गाडी उजेड असताना कॅसलरॉकला पोचेल आणि पुढचा गोव्यातल्या कुळ्यापर्यंतचा घाट प्रवाशांना डोळ्यांनी पाहता येईल. १८८० च्या दशकात इंग्रजांच्या हद्दीतून सदर्न मराठा रेल्वेने आणि पोर्तुगीजांच्या हद्दीतून मुरगाव बंदराच्या रेल्वेने आणलेले रूळ या घाटमाथ्यावर जोडले गेले. दर ३७ फुटांना एक फूट असा हा उतार आहे. चढताना गाडीला मागून आणखी इंजिने लावावी लागतात. बोगद्यांमागून बोगदे येतात आणि मधेच सुमारे ३०० मीटरवरून कोसळणारा दूधसागर अगदी रुळांच्या अंगावर येतो. आपल्या गाड्यांचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात धबधब्याला भरपूर पाणी असते. देशातल्या अतिशय देखण्या रेल्वेमार्गांपैकी हा एक टप्पा आहे. लाखांच्या घरात भाडे मोजून आलेल्या पाहुण्याला तो अंधारात, पडदे ओढलेल्या खिडकीआड पार करावा लागतो. त्याला कोणी विचारले, तर तो स्वतःच बेळगावचा थांबा मागेल.

अडचणींची मला कल्पना आहे. ठरलेल्या कार्यक्रमात एक दिवस घालायचा तर दुसरीकडून तो काढावा लागतो. त्यासाठी कोणाचे ठिकाण कमी करावे असे मी म्हणणार नाही, परंतु गोव्यातला वेळ थोडा आखडता घेता येईल. गोवा पाहायला माणूस वेगळाही येतो, हलशीला तो एरवी येण्याची शक्यता कमी आहे. गाडी उभी करणे, पाणी भरणे, सफाई यांचा निर्णय रेल्वेने करायचा आहे. बेळगावचे स्थानक २०२३ मध्ये नव्याने बांधून झाले आहे, तेथे लांब पल्ल्याच्या मोठमोठ्या एक्सप्रेस रोज थांबतात, त्यामुळे २१ डब्यांची गाडी थांबवण्यात मोठी अडचण येऊ नये. पुणे-हुबळी ‘वंदे भारत’ही आता याच मार्गावर धावते.

खरी उणीव रुळांवर नाही, ती स्थळांवर आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आमच्या आडगावच्या देवळांभोवती बसायला सावली नाही, बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, आणि स्थळाची माहिती देणारी पाटी असली तर तिच्यावरची अक्षरे उडालेली असतात. पावसाळ्यानंतर रस्ते खचलेले असतात. शिलालेखांना हात लागतात, कधी रंगही फासला जातो. राजेशाही गाडीचा पाहुणा येणार म्हटल्यावर हे सुधारेल, आणि सुधारलेले पुढे वर्षभर गावाच्या आणि शाळेच्या सहलींच्या उपयोगी पडेल. त्या गाडीत बसण्याची ऐपत नसलेला मी हे पत्र का लिहितो, याचे उत्तर येथे आहे. ही गाडी जेथे थांबते त्या जागेला सरकारच्या लेखी महत्त्व येते, आणि जेथून ती न थांबता जाते त्या जागेचा पाठपुरावा करणारे कोणी उरत नाही.

मार्गदर्शकांविषयी माझा आग्रह आहे. बंगळूरहून किंवा मुंबईहून पाठ केलेली माहिती घेऊन येणाऱ्या मार्गदर्शकाऐवजी खानापूर, कित्तूर आणि बेळगावच्या मुलामुलींना हे काम शिकवावे. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा लहानपणापासून बोलणारी आणि इंग्रजी शिकलेली मुले येथे घरोघर आहेत, आणि आज ती कामासाठी पुणे-गोव्याला जातात. हलशीचा लेख, शिवरायांची मोहीम आणि चन्नम्माचा लढा या तिन्ही गोष्टी सारख्याच आपुलकीने सांगणारे तरुण सीमाभागात मिळतील, दुसरीकडे शोधावे लागतील. स्थळांवरच्या पाट्या कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत असाव्यात. हलशीच्या गाभाऱ्यासमोर हात जोडणाऱ्या आजीला त्या देवळाचा इतिहास स्वतःच्या भाषेत वाचता यावा, एवढी साधी ही मागणी आहे.

पाहुण्यांच्या स्वागतासाठी स्थानकावर फेटे बांधून ढोल वाजवण्यापलीकडे काही करता येईल का, याचाही विचार व्हावा. खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे. तेथे चाकावर माती फिरताना पाहणे आणि एक मडके विकत घेणे, यात पाहुण्याचे अर्ध्या तासाहून अधिक जाणार नाही. शहापूर, वडगाव आणि खासबागेतले विणकर आज दलालाच्या भरवशावर आहेत. त्यांच्या मागावरची साडी पाहुण्याने त्यांच्याच दारात घेतली, तर पैसा थेट त्यांच्या हाती पडेल. दुपारचे जेवण गाडीतल्या भोजनकक्षाऐवजी गावातल्या महिला बचत गटाने द्यावे: भाकरी, भरले वांगे, खोबऱ्याची चटणी, आणि नंतर बेळगावचा कुंदा किंवा दुधात कुस्करलेला मांडा. उलट्या कढईवर मांडा भाजणाऱ्या बायकांचे कसब पाहण्यासाठी माणसे रांगेत उभी राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. गोकाकचा करदंट सोबत बांधून द्यावा, तो प्रवासात टिकतो.

आता प्रत्यक्ष विनंती. येत्या हंगामाचे वेळापत्रक ठरवण्याआधी दोन्ही महामंडळांच्या आणि रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी बेळगाव, हलशी, कित्तूर आणि लोंढा यांची एकत्र पाहणी करावी. त्यानंतर निदान एका फेरीत हा थांबा घेऊन पाहावा आणि प्रवाशांचे अभिप्राय मागवावेत. ते अनुकूल आले तर पुढच्या वर्षी तो कायम करावा. मराठ्यांच्या दक्षिण दिग्विजयावर बेळगाव, होदिगेरे, बंगळूर आणि जिंजी अशी वेगळी सहल दोन्ही राज्यांनी मिळून आखावी, हा विचार त्यानंतर करता येईल. ‘भारत गौरव’ची शिवस्थळांची गाडी मात्र याच वर्षी पन्हाळ्यापुढे बेळगाव आणि राजहंसगडापर्यंत यावी. तिचे भाडे सामान्य कुटुंबाला झेपते आणि तिच्यातून येणारे प्रवासी आमच्याच नात्यागोत्याचे असतील.

पाहणीला आपण केव्हा येणार ते आठवडाभर आधी स्थानिक ग्रामपंचायतींना कळवावे. देवळांच्या किल्ल्या, पुजारी, रस्त्यांची माहिती आणि शिलालेखांचे वाचन करून देणारी माणसे जमवण्याची जबाबदारी मी आणि माझे येथले सहकारी शिक्षक घेऊ. पाहणी श्रावणाच्या आत ठेवू नये, कारण तेव्हा हलशीकडचे ओढे भरलेले असतात. दसऱ्याच्या आसपास रस्ते कोरडे असतात आणि कित्तूरचा उत्सवही त्याच सुमारास येतो.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त इतिहास शिक्षक